इंद्रावती : लांबच्या नदीची गोष्ट

(महिला गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेलं भाषण)

कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली, की आपल्या यवतमाळकडच्या बायांना चार दिवस जरा मोकळे मिळतात. यंदा मार्चच्या शेवटी आमच्या तीन गटांच्या अकरा जणींनी ते चार दिवस एका नदीच्या काठी काढले. त्या नदीबद्दल आज बोलायचं आहे. नदीचं नाव इंद्रावती.

नाव ऐकलं असेल, पण पाहिलेली फार थोड्या जणींनी. महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उजव्या हाताला अगदी टोकाला गडचिरोली जिल्हा. त्याच्याही टोकाला भामरागड तालुका. तिथं नदी ओलांडली की छत्तीसगड. म्हणजे आपल्या राज्याची वेस तिथं या नदीनं आखली आहे.

आम्ही वणीवरून चंद्रपूरला गेलो. तिथून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. आष्टीला वैनगंगेचा लांबलचक पूल लागतो. आलापल्लीपासून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. हा सगळा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, धावडा, बांबूची बेटं. पेरमिली, ताडगाव अशी गावं मध्ये येतात, नाहीतर झाडंच झाडं. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाचा आहे, हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. गाडीच्या खिडकीतून तासन्‌तास एकही उघडा माळ दिसला नाही, तेव्हा ७० टक्के म्हणजे काय ते समजलं.

भामरागडच्या अलीकडे हेमलकसा आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी इथंच आयुष्य काढलं. त्यांचा दवाखाना, शाळा, अनाथ प्राण्यांचा गोतावळा याबद्दल तुम्ही वाचलं असेल, सिनेमाही पाहिला असेल. म्हणून त्यावर मी वेळ घेत नाही. हेमलकसा सोडलं की पर्लकोटा नदीचा पूल येतो आणि पूल ओलांडला की भामरागड.

भामरागडला तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती. लोक त्याला त्रिवेणी संगम म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे संगम म्हटला की घाट, पायऱ्या, देऊळ, नारळाची दुकानं येतात. इथं तसं काही नाही. रुंद रेती, काळे खडक, त्यामधून वाहणारं हिरवट, स्वच्छ पाणी, आणि तिन्ही बाजूंना जंगल. काठावर अर्जुनाची, जांभळाची, करंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली. एका लाकडाचा कोरून केलेला डोंगा काठाला बांधलेला. खंड्या पाण्यात सूर मारतो त्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो, इतकी शांतता.

आमच्यातली एक जण पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "बाई, मार्च महिना आहे हा, आपल्या नाल्यात तर फेब्रुवारीतच धूळ उडते." आमची सगळी सहल त्या एका वाक्याभोवती फिरली. इथं मार्चमध्ये पाणी आहे आणि आपल्याकडे नाही, असं का? पाऊस तर आपल्याकडेही पडतो. इथं जास्त पडतो हे खरं. पण आपल्याकडचा पडलेला पाऊस जातो कुठं?

याचं उत्तर कुण्या साहेबानं दिलं नाही, जंगलात चालतानाच मिळालं. सकाळी गावातल्या बायांबरोबर मोहफुलं वेचायला गेलो होतो. पाय टाकला की पाचोळ्यात घोट्यापर्यंत जात होता. पाचोळा बाजूला केला तर खाली काळी, मऊ, ओलसर माती. आता हे आपल्या घरातल्या गोष्टीनं समजून घ्या. फरशीवर तांब्याभर पाणी ओता, ते धावत मोरीकडे जातं. तेवढंच पाणी जाड गोणपाटावर ओता, ते मुरतं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत गोणपाट खालून ओलं लागतं. झाडाखालची जमीन गोणपाटासारखी आहे. पाऊस आधी पानांवर पडतो, त्याचा जोर मोडतो. मग पाचोळ्यात थांबतो, मुळांच्या वाटेनं आत उतरतो, आणि पावसाळा संपल्यावर महिनोन्‌महिने झऱ्याझऱ्यांनी नदीत येत राहतो. आपले उघडे पडलेले माळ फरशीसारखे झाले आहेत. पाणी येतं, वरची माती घेऊन जातं, आणि दिवाळीनंतर आपण टँकरची वाट बघतो.

आता नदीकाठच्या माणसांबद्दल. इथं माडिया गोंड लोक राहतात. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. बाकीच्या दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम. कोलाम तर आपल्याच शेजारी आहेत. माडिया लोकांची भाषा वेगळी आहे. पाण्याला ते 'एर' म्हणतात. गावातल्या आशाताई आमच्या दुभाषी झाल्या. त्या नसत्या तर आम्ही नुसत्या हसून परत आलो असतो.

मोह तिथं मार्च-एप्रिलमध्ये गळतो. फुलं रात्री आणि पहाटे पडतात. ऊन चढायच्या आत वेचायची असतात, म्हणून बाया झुंजुमुंजू होताच टोपल्या घेऊन निघतात. पिवळसर, रसाळ, द्राक्षाएवढी फुलं. वाकून वेचणं म्हणजे काय ते कापूस वेचणाऱ्या बाईला सांगायला नको. आम्ही अकरा जणी त्यांच्या निम्म्यासुद्धा वेगानं वेचू शकलो नाही. वेचलेली फुलं अंगणात वाळवतात. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, दारू करतात, विकतात. पुढं मोहाला फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल काढतात. एकाच झाडाकडून खाणं, तेल आणि रोकड. मोहाचं झाड कापणं हे तिथं का पाप मानतात, ते यावरून समजा.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग कधी कधी जंगलात पसरते. मग तेच गोणपाट जळून जातं ज्याबद्दल मी आत्ता बोलले. काही गावांत आता झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरतात. फुलं त्यावर पडतात, माती लागत नाही, स्वच्छ मालाला भावही बरा येतो. आग लावायची गरजच उरत नाही.

मोहानंतर मे महिन्यात तेंदूपानं. सत्तर पानांचं एक पुडकं. आजूबाजूची सगळी घरं त्या पंधरा दिवसांत पहाटे पानं तोडतात आणि दुपारी पुडकी बांधतात. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना तिकडे वास्ते म्हणतात, त्यांची भाजी होते. गोरगा नावाचं माडासारखं झाड असतं, त्याचा रस पितात. नाल्यात बाया मातीचा छोटा बांध घालतात, पाणी उपसतात आणि मासे, झिंगे, खेकडे हातानं धरतात. म्हणजे आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला जातो, ते त्या बायांचं कोठीघर आहे. आणि कोठीची किल्ली बाईकडे असते.

कोठी जपायचे नियमही आहेत. तिथं 'पंडुम' नावाचे सण असतात. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही. त्या सणाआधी कुणी कैरी तोडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही रूढी वाटेल. पण विचार करा, कैरी कोवळी असतानाच सगळ्यांनी झोडपली तर पिकणार काय आणि कोय पडणार कुठं? गावाची पूजा झाली की एकाच दिवशी सगळ्यांना मोकळीक. ज्याच्या हाताशी जास्त माणसं तो आधी लुटून नेतो, असं होत नाही. आपल्याकडे बोरं, चारोळी, आवळे हिरवे असतानाच ओरबाडले जातात. पहिल्यांदा जो जाईल त्याचं, असा आपला कायदा झाला आहे.

दुपारी आम्ही पुन्हा नदीवर गेलो. नदी भरून वाहत असताना एक म्हातारी आजी काठच्या रेतीत हातानं खड्डा करत बसली होती. हात-दीड हात खोल गेल्यावर तळाशी पाणी झिरपलं. पहिलं गढूळ पाणी तिनं वाटीनं उपसून टाकलं, थोडा वेळ थांबली, मग नितळ पाणी हंड्यात भरू लागली. याला झिरा म्हणतात. रेती पाण्याचा गाळ धरून ठेवते. आशाताईंनी लगेच सांगितलं की पाणी नितळ दिसलं तरी ते उकळूनच प्यायचं, कारण रेती गाळ अडवते, सगळे जंतू अडवत नाही. गावात हातपंप आहे, पण तो बंद पडला की झिराच.

मी आजींना म्हटलं, "आजी, तुमची नदी फार सुंदर आहे हो." आशाताईंनी माडियात सांगितलं. आजी हसल्या आणि काहीतरी बोलल्या. आशाताई म्हणाल्या, "त्या म्हणतात, पावसाळ्यात या."

पावसाळ्यात काय होतं ते मग आम्हाला सगळ्यांनी मिळून सांगितलं. वर छत्तीसगडमध्ये पाऊस झाला की इंद्रावती फुगते. ती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढं जायला वाट राहत नाही, ते मागं तुंबतं. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा आहे. तो बुडाला की भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात गावाला एकामागून एक असे अनेक पूर आले, बाजारपेठेत पाणी शिरलं. २०२२ मध्येही तेच. पलीकडच्या आतल्या खेड्यांची संख्या मोठी आहे, तिथं तर नाल्यांवर पूलच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा जुन्या पुलाशेजारी नव्या उंच पुलाचं काम चाललेलं होतं.

आता बाईच्या नजरेनं बघा. बाळंतपण पूर बघून येत नाही. आजींच्या सुनेला ऐन श्रावणात कळा सुरू झाल्या. नाला भरलेला. चार जणांनी खाट उलटी करून तिला बांबू बांधले, त्यावर सुनेला घेतलं आणि खांद्यावरून दोन नाले पार केले. दुसऱ्या नाल्याला पाणी छातीला लागत होतं. आजी पुढं चालत होत्या, काठीनं तळ चाचपत. बाई आणि बाळ दोन्ही वाचले. मुलगी आता शाळेत जाते, आम्हाला बघून लाजून पळाली. पण आजींनी हे सांगताना "वाचली" हा शब्द दोनदा म्हटला, आणि न वाचलेल्या दुसऱ्या एकीचं नावही घेतलं. ते नाव मी इथं घेत नाही.

आशाताईंचं काम इथं किती मोलाचं आहे बघा. त्या एप्रिल-मे महिन्यातच यादी करतात, पावसाळ्यात कुणाचे दिवस भरणार. अशा बायांना तारखेच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरात' नेऊन ठेवतात. ही सरकारची योजना आदिवासी भागासाठी आहे. बरोबर नातेवाइकाला राहता येतं. पण घरातून निघायला बाया तयार होत नाहीत, कारण रोवणी असते, मागं लहान पोरं असतात, सासरा नको म्हणतो. म्हणून आशाताई आधी सासूला भेटतात. "सासू तयार झाली की सून तयार होते," असं त्या म्हणाल्या. आणि चार महिन्यांचं रेशनही अशा गावांत पावसाळ्याआधी पोचवून ठेवावं लागतं. त्यामुळे मे महिना म्हणजे तिकडे सगळ्यांची धावपळ. ही नदी पोटाला देते आणि चार महिने कोंडूनही ठेवते. आम्ही पाहुण्या, आम्हाला फक्त मार्चमधली नदी दिसली.

आता थोडं मोठ्या गोष्टीकडे येते. आमच्यातल्या सगळ्या जणींना वाटत होतं की एवढ्या आतली नदी, तिला कुणाचा धक्का लागणार? तसं नाही. नदी जितकी आतली, तितकं तिच्यावर बाहेर बसून ठरवणं सोपं असतं.

इंद्रावती ओडिशाच्या कालाहांडी जिल्ह्यात उगम पावते. सुमारे ५३५ किलोमीटर वाहते. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ चित्रकोटला ती जवळजवळ १०० फुटांवरून खाली उडी घेते. पुढं महाराष्ट्राच्या कडेनं येऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. आता वरून खाली काय काय झालं ते ऐका. ओडिशात तिच्या वरच्या भागात धरणं बांधून पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे नेलं आहे, महानदीच्या खोऱ्यात. त्यावर ६०० मेगावॉट वीज तयार होते आणि तिकडच्या शेतीलाही पाणी मिळतं. तिकडच्या शेतकरणीला विचारलं तर ती चांगलंच म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण तेवढं पाणी खाली येत नाही.

त्याच्या खाली ओडिशा-छत्तीसगडच्या सीमेजवळ जोरा नाला आहे. पूर्वी या नाल्याचं पाणी इंद्रावतीत यायचं. गाळ साचला, पात्र बदललं, आणि आता उलट इंद्रावतीचं पाणी जोरा नाल्यात शिरून शबरी नदीकडे निघून जातं. दोन राज्यांत यावरून कित्येक वर्षं वाटाघाटी चालल्या आहेत. काही उन्हाळ्यांत चित्रकोटची धार अगदी बारीक झाली, तेव्हा जगदलपूरकडचे लोक नदीसाठी रस्त्यावर आले. त्याच्याही खाली बोधघाट नावाच्या धरणाची पायाभरणी १९७९ मध्ये झाली होती. जंगल बुडणार म्हणून ते काम थांबलं. अलीकडे त्याची पुन्हा चर्चा सुरू झाली आहे.

आणि आपल्या बाजूला काय झालं? १९८० च्या दशकात इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं होणार होती. झाली असती तर हे जंगल आणि ही गावं पाण्याखाली गेली असती. तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासींनी 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन केलं. बाबा आमटे त्यांच्याबरोबर उभे राहिले. धरणं थांबली. म्हणजे ज्या खडकावर आमची मैत्रीण पाय सोडून बसली होती, तो खडक आज उघडा आहे तो त्या लोकांमुळे.

त्या आंदोलनातून पुढं आणखी एक गोष्ट निघाली. गडचिरोलीच्या गावांनी विचारलं, जंगल वाचवलं आम्ही, तर त्याबद्दल ठरवणार कोण? २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणारी ही अगदी पहिली गावं. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना हक्क मिळाले. आता कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात. पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात. आम्ही एका ग्रामसभेला बसलो होतो. यंदा तेंदूचं झाड किती छाटायचं, यावर तिथं एक बाई पुरुषांशी चांगलीच भांडली. छाटणी जास्त केली तर पानं भरपूर येतात, पण झाड दुबळं होतं, असं तिचं म्हणणं. सभेनं तिचं ऐकलं.

कायद्यातली एक तरतूद सगळ्या गटांनी वहीत लिहून ठेवा. वनहक्काच्या कामासाठी बोलावलेल्या ग्रामसभेत किमान निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. वनहक्क समितीतही किमान एक तृतीयांश जागा बायांच्या. सह्या घरी आणून घ्यायच्या, हे चालत नाही. आपल्या जिल्ह्यातही जंगलाला लागून असलेली गावं आहेत. तिथल्या मैत्रिणींनी ग्रामसेवकाला विचारा, आपल्या गावाचा सामूहिक दावा दाखल झाला का, आणि समितीत कोणत्या बाया आहेत.

आता प्राण्यांबद्दल, कारण परत आल्यावर सगळ्या पोरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, वाघ दिसला का? नाही दिसला. पण ज्याच्याबद्दल ऐकलं ती रानम्हैस आपल्या गोठ्यातल्या म्हशीची मूळ आजी आहे. महाराष्ट्रात ती फक्त याच पट्ट्यात, सिरोंचा भागातल्या कोलामार्काच्या जंगलात उरली आहे. २०१३ मध्ये ते जंगल तिच्यासाठी राखीव केलं. नदीपलीकडे छत्तीसगडमध्ये १९८३ पासून इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे, तिथंही ती आहे. तिला भीती शिकाऱ्याइतकीच गावच्या गुरांच्या रोगांची आहे. चरायला गेलेल्या म्हशीचं खुरकूत रानम्हशीला लागतं. म्हणजे गावातल्या म्हशीला वेळेवर टोचून घेतलं तर जंगलातली म्हैसही वाचते. दूध विकणाऱ्या आपल्या गटांना हे लगेच पटेल.

मैत्रिणींनो, कुणी म्हणेल, भामरागडची नदी भामरागडला, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या गावचा नाला वर्धेला किंवा पैनगंगेला जातो. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. आणि गोदावरी पुढं गेली की सोमनूरला तिला इंद्रावती भेटते. म्हणजे आपल्या शिवारातून गेलेलं पाणी आणि आजींच्या झिऱ्याजवळून गेलेलं पाणी शेवटी एकाच पात्रात वाहतं. कापसावर फवारणी झाल्यावर पंप कुठं धुतो आपण? नाल्यावर. औषधाचे रिकामे डबे कुठं टाकतो? बांधाच्या कडेला, पावसात तेही नाल्यात. खाली कुणीतरी ते पाणी पितं, हे आता डोळ्यांनी पाहून आलो आहोत.

म्हणून आमच्या तीन गटांनी परत आल्यावर तीन कामं ठरवली. पंप नाल्यावर धुवायचा नाही, शेतातच धुवायचा, आणि औषधाचे डबे नाल्याकडेला टाकायचे नाहीत. दुसरं, नाल्याच्या उगमाकडचा गायरानाचा तुकडा यंदा चराईपासून राखायचा आणि तिथला पाचोळा कुणी पेटवू द्यायचा नाही. तिसरं, नाल्यात शेवटचं वाहतं पाणी कोणत्या तारखेला दिसलं, ते दर वर्षी गटाच्या वहीत लिहायचं. खर्च काहीच नाही. पाच वर्षांनी ती तारीख पुढं सरकली की मागं गेली, ते आपल्याला कुणाला विचारावं लागणार नाही. तुमच्या गटाला जमेल ते तुम्ही घ्या.

कुणाला इंद्रावतीवर जायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस बरे. पावसाळ्यात अजिबात नको, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. हा भाग अनेक वर्षं नक्षली हिंसाचारानं होरपळला आहे, तेव्हा निघण्याआधी परिस्थितीची चौकशी करा, रात्रीचा प्रवास टाळा, वाटेत तपासणी झाली तर ओळखपत्र जवळ असू द्या. मलेरिया तिथं फार आहे, मच्छरदाणी न्याच, आणि परतल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या. नदीत मगरी आहेत, गावकरी सांगतील त्याच जागी पाण्यात उतरा. कुणाच्या घराचा, अंगाचा, गोंदणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आम्ही दोघी-तिघींनी विचारलं, तर एका बाईनं नाही म्हटलं, आणि मग आम्हालाच जवळ बसवून आमच्या बांगड्या किती, कशाच्या, ते विचारत बसली. प्लॅस्टिक जेवढं न्याल तेवढं परत आणा. आणि जमलं तर गावातल्या गटाकडून मोह, चारोळी, मध असं काहीतरी विकत घ्या, भाव न पाडता.

तुमच्या गटानं नाल्याचं, नदीचं काही काम केलं असेल तर आमच्या कार्यक्रमाला कळवा. चांगलं झालं तेही सांगा, फसलं तेही सांगा. पुढच्या वेळी ते वाचून दाखवू. आता उन्हं चढतील, कामाची वेळ झाली. नमस्कार.